वाढीच्या खुणा : जुन्या दागिन्यांतील कोरीव नैसर्गिक द्रव्यांची पारख

हस्तिदंत, हाड, शिंग, कासवाचे कवच, शंख-शिंपले, पोवळे, तृणमणी म्हणजे अंबर, जेट हे काळे अश्मीभूत लाकूड आणि टॅग्वा या दक्षिण अमेरिकी ताडाची दगडासारखी कठीण बी ही द्रव्ये दिसायला, स्पर्शाला आणि किमतीला परस्परांहून कितीही वेगळी असली, तरी त्यांच्यात एक सख्खे नाते आहे : खनिज रत्नांप्रमाणे ती भूगर्भात स्फटिकरूपाने जमलेली नाहीत, तर सजीवांच्या शरीरात वाढलेली किंवा त्यांच्या शरीरातून स्रवलेली आहेत. वाढीला दिशा असते, क्रम असतो आणि थर असतात. दात आतील पोकळीच्या बाजूने थरावर थर चढवत भरत जातो, शिंपला आपल्या कडेला चुनखडीची भर घालत रुंदावतो, शिंग मुळाशी नवे होत पुढे सरकते, झाडाची राळ ओघळते, थबकते आणि पुन्हा ओघळते. कारागीर अशा द्रव्यावर हत्यार चालवतो तेव्हा तो ही रचना निरनिराळ्या कोनांतून उघडी करतो, आणि म्हणून कोरीव दागिना हा केवळ शोभेचा नमुना न राहता त्या द्रव्याच्या वाढीचा अनेक दिशांनी घेतलेला छेदही ठरतो. रंग, झळाळी, वजन आणि कोरीवकामाची धाटणी यांची नक्कल करता येते आणि ती दीडशे वर्षे उत्तम प्रकारे होत आली आहे. परंतु एका बाजूला रेषा, दुसऱ्या बाजूला जाळी आणि तिसऱ्या बाजूला ठिपके अशी परस्परांशी सुसंगत असलेली त्रिमित वाढ साच्यात ओतून मिळत नाही. पारख म्हणजे ही वाढ वाचणे, या एका विचारावर प्रस्तुत ग्रंथाची उभारणी झाली आहे.

बाजारात ज्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात आणि शंभर वर्षांची मर्यादा ओलांडली की ज्यांना ‘अँटिक’ म्हणू लागतात, अशा दोन्ही प्रकारच्या दागिन्यांचा येथे एकत्र विचार केला आहे, कारण द्रव्यांच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ हा एकच सलग काळ आहे. याच काळात सेंद्रिय द्रव्यांच्या कोरीवकामाला अभूतपूर्व मागणी आली आणि याच काळात त्यांची कृत्रिम रूपेही जन्माला आली. या दोन्ही गोष्टींचे मूळ त्या द्रव्यांच्या मऊपणात आहे. खनिजांची कठीणता १ ते १० अशा क्रमाने सांगणाऱ्या मोहस श्रेणीवर यांतील बहुतेक द्रव्ये २ ते ४ या टप्प्यात येतात, त्यामुळे हिऱ्याच्या पुडीवाचून साध्या पोलादी हत्यारांनी त्यांवर फुले, चेहरे आणि वेलबुट्टी उमटवता येते; आणि ही कोरीव रूपे साच्यात दाबून काढता येणारे स्वस्त द्रव्य सापडले की मूळ कारागिराची जागा घ्यायला कारखान्याला वेळ लागत नाही.

युरोपातील या हस्तकलेची केंद्रे मोजकी पण ठळक आहेत. इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरील व्हिटबी येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या, अरॉकॅरिया कुळाशी नाते सांगणाऱ्या वृक्षांचे लाकूड समुद्रतळाच्या गाळात दबून बनलेले जेट सापडते. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ते लोकांपुढे आले आणि १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्टच्या निधनानंतर राणी व्हिक्टोरियाने स्वीकारलेल्या दीर्घ दुखवट्यामुळे ते शोकप्रसंगीच्या दागिन्यांचे प्रमुख द्रव्य बनले. १८७० च्या दशकात त्या छोट्या बंदरात या कामावर हजाराहून अधिक माणसे गुंतलेली होती. इटलीत व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी असलेल्या तोर्रे देल ग्रेको या गावाने भूमध्य समुद्रातील लाल पोवळे आणि परदेशांतून आणलेले हेल्मेट शंख यांवरील कोरीवकामात इतके प्रावीण्य मिळवले की १८७८ मध्ये तेथे या कलेचे स्वतंत्र विद्यालयच सुरू झाले. जर्मनीतील एर्बाख येथे काउंट फ्रान्झ पहिला याने १७८३ मध्ये हस्तिदंती कामाची परंपरा रुजवली आणि पुढे तेथील कोरीव गुलाबांच्या ब्रूचेसची लाट युरोपभर पसरली. या गुलाबांच्या सेल्युलॉइड या प्लास्टिकमधील प्रतिकृती आज मूळ गुलाबांइतक्याच सर्रास दिसतात.

भारतातील परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे आणि तिचे काही उत्कृष्ट पुरावे महाराष्ट्रातच मिळाले आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडलेल्या सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्तींचे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय मूर्तीशी इतके निकट साम्य आहे की त्या मूर्तीचे उगमस्थान शोधणाऱ्या अभ्यासकांना दख्खनकडे वळावे लागले. सोळाव्या शतकापासून गोव्यात पोर्तुगीज आश्रयाखाली ख्रिस्ती विषयांचे हस्तिदंती कोरीवकाम झाले आणि त्यात बाल येशूच्या चेहऱ्याला व मेंढपाळाच्या बैठकीला उघड भारतीय वळण मिळाले. एकोणिसाव्या शतकात मुर्शिदाबाद, दिल्ली आणि त्रावणकोर ही हस्तिदंताची, तर बंगाल ही शंखाच्या बांगड्यांची मोठी केंद्रे होती. कोकणात विजयदुर्ग आणि सावंतवाडी परिसरात गव्याच्या शिंगाचे नाजूक काम होत असे. जॉर्ज बर्डवुड यांचा १८८० चा भारतीय कारागिरीवरील ग्रंथ आणि १९०३ च्या दिल्ली प्रदर्शनानिमित्त जॉर्ज वॉट यांनी केलेली नोंद या दोन्हींतून या कलांचा विस्तार कळतो. मात्र त्या नोंदी करणाऱ्यांचे लक्ष कलाकुसरीकडे होते, द्रव्याच्या सूक्ष्म ओळखीकडे नव्हते, आणि ही उणीव पुढे दीर्घकाळ भारतीय वस्तुसंग्रहांच्या नोंदवह्यांतही उतरली. ‘हस्तिदंत’ अशी चिठ्ठी लावलेल्या वस्तूत हाड निघणे हे त्यामुळे आश्चर्याचे राहिलेले नाही.

नकलांचा इतिहास हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो बऱ्यापैकी अचूक तारखांनी सांगता येतो, ही पारख करणाऱ्याची मोठी सोय आहे. गंधक मिसळून कठीण केलेले रबर, म्हणजे व्हल्कनाइट, १८४० च्या दशकात आले आणि जेटचे स्वस्त रूप म्हणून खपले. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्सने वनस्पतींच्या तंतुद्रव्यापासून बनवलेले पार्केसिन मांडले, त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने कापूर मिसळून सेल्युलॉइड यशस्वी केले, शतकाच्या अखेरीस जर्मनीत दुधातील केसिनपासून गॅलालिथ निघाले आणि १९०७ मध्ये लिओ बेकलंडने बेकेलाइट शोधले. यामुळे एखाद्या ब्रूचचे द्रव्य बेकेलाइट ठरले, तर त्यासोबत सांगितली जाणारी १८६० ची कौटुंबिक कथा आपोआप गळून पडते. द्रव्याची ओळख ही कालनिश्चितीचीही किल्ली असते ती अशी.

या विषयाकडे पाहण्याच्या पद्धती मुख्यतः चार आहेत. सर्वांत जुनी पद्धत व्यापाऱ्यांची : हातात घेऊन वजनाचा अंदाज, गालाला लावून थंडपणा, दातावर घासून खरखर, नखाने टिचकी मारून आवाज. या पद्धतीला कमी लेखणे चूक ठरेल, कारण जेट उष्णतेचे मंद वाहक असल्याने हाताला कोमट लागते आणि त्याची नक्कल करणारी काळी काच थंड लागते, हा फरक कोणत्याही यंत्रावाचून क्षणात कळतो. दुसरी पद्धत रत्नशास्त्राची असून ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये बांधेसूद झाली. द्रव्य समान आकारमानाच्या पाण्याहून किती पट जड आहे हे सांगणारे विशिष्ट गुरुत्व, प्रकाश त्यात शिरताना किती वळतो हे सांगणारा वक्रीभवनांक आणि अतिनील प्रकाशात होणारे प्रस्फुरण ही तिची साधने आहेत. रॉबर्ट वेब्स्टर यांनी सेंद्रिय द्रव्यांना रत्नशास्त्रात मानाचे स्थान दिले, ही त्यांची कामगिरी आजही अनेक पाठ्यपुस्तकांहून मोलाची वाटते. तिसरी पद्धत प्राणिशास्त्र आणि न्यायवैद्यक यांच्या संगमावर उभी आहे. टी. के. पेनिमन यांनी १९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातर्फे प्रसिद्ध केलेली दात, हाड आणि शिंग यांच्या छेदांची चित्रपुस्तिका आणि पुढे अमेरिकेतील अॅशलँड येथील वन्यजीव न्यायवैद्यक प्रयोगशाळेत एडगार्ड एस्पिनोझा व मेरी-जॅक मॅन यांनी केलेले हस्तिदंतविषयक काम हे या पद्धतीचे दोन मोठे टप्पे होत. चौथी पद्धत कला-इतिहासाची. ती फासणी, पिन, टाका, धातूवरील छाप आणि आकृतिबंध यांवरून काळ व प्रदेश ठरवते. या चारही पद्धतींचे अनुयायी आपापल्या वाटेने जातात आणि परस्परांचे लेखन फारसे वाचत नाहीत, हे या क्षेत्राचे खरे दुखणे आहे.

हस्तिदंताचे उदाहरण थोडे विस्ताराने घेणे आवश्यक आहे, कारण त्यात या विषयाची सारी गुंतागुंत एकवटते. हत्तीच्या सुळ्याचा आडवा छेद घासून गुळगुळीत केला की त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. बर्नहार्ड श्रेगर यांनी १८०० मध्ये तिचे वर्णन केल्यामुळे त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. दंतद्रव्यातील सूक्ष्म नलिकांच्या मांडणीतून ही जाळी निर्माण होते आणि ती केवळ हत्ती व त्याच्या लुप्त नातलगांच्या सुळ्यांत आढळते. सुळ्याच्या बाह्य कडेजवळ या रेषांमधील कोन मोजले असता, सरासरी ११५ अंशांहून अधिक भरली तर तो आजच्या हत्तीचा आणि ९० अंशांहून कमी भरली तर मॅमथचा समजतात. मधला पट्टा दोहोंना सामाईक असल्याने तेथे निर्णय थांबवावा लागतो. याहून महत्त्वाची अट अशी की हे मोजमाप बाह्य कडेचेच असावे लागते, कारण सुळ्याच्या गाभ्याजवळ हत्तीचे कोनही लघुकोन होतात, आणि दागिन्यातील लहान मणी सुळ्याच्या नेमक्या कोणत्या भागातून कापला आहे हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. मॅमथच्या दंतावर क्वचित लोहयुक्त फॉस्फेटचे निळसर-तपकिरी डाग असतात व ते निर्णयाला मदत करतात. वॉलरसच्या दातात गाभ्याशी संगमरवरी चिवडल्यासारखे दुय्यम दंतद्रव्य असते, पाणघोड्याच्या दातात अतिशय दाट, बारीक, नागमोडी वलये असतात आणि स्पर्म व्हेलच्या दातात ठळक समकेंद्री वर्तुळे असतात. यांपैकी कशातही श्रेगर जाळी नसते.

हाडाची ओळख वेगळ्या खुणेवर होते. क्लॉप्टन हॅव्हर्स यांनी १६९१ मध्ये वर्णिलेल्या, रक्तवाहिन्या वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या हाडाच्या आडव्या छेदात ठिपक्यांसारख्या आणि उभ्या छेदात तुटक रेघांसारख्या दिसतात, व दीर्घकाळ वापरलेल्या दागिन्यात त्यांत मळ साचल्याने दहापट भिंगाखाली त्या स्पष्ट होतात. विरंजन करून चकाकी दिलेल्या हाडात त्या शोधायला थोडा धीर लागतो एवढेच. सेल्युलॉइडच्या ‘फ्रेंच आयव्हरी’त हस्तिदंताच्या उभ्या रेषांची नक्कल समांतर पट्ट्यांनी केलेली असते, परंतु त्या पट्ट्या अती नियमित असतात आणि वस्तू फिरवून आडव्या टोकाकडे पाहिले असता तेथे जाळी उमटलेली नसते; पृष्ठभागाची नक्कल झाली, वाढीची झाली नाही. टॅग्वाच्या बीला वनस्पतीज हस्तिदंत म्हणतात. तिच्यात पेशींच्या बारीक रेघा दिसतात आणि बी लहान असल्याने तिच्यापासून केलेली वस्तू सहसा अंगठ्याच्या पेऱ्याहून फार मोठी नसते. अतिनील प्रकाशात हस्तिदंत, हाड आणि टॅग्वा ही तिन्ही निळसर-पांढरी उजळतात, तर बहुतेक प्लास्टिके निस्तेज राहतात, तेव्हा हा दिवा नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यात निवाडा करतो. हाड आणि हस्तिदंत यांच्यात तो करू शकत नाही, हे विसरल्याने अनेक चुकीचे निष्कर्ष निघाले आहेत.

काळ्या द्रव्यांच्या बाबतीत खुणा अधिक सोप्या आहेत. जेट बिनचकाकीच्या पोर्सेलिनवर घासले तर तपकिरी रेघ उमटते, कोरलेल्या कडा धारदार राहतात आणि पाठीमागे कापणीच्या खुणा दिसतात. व्हल्कनाइट साच्यात काढलेले असल्याने त्याच्या कडा बोथट असतात, उजेडाने ते हिरवट-तपकिरी पडते आणि चोळले की गंधकाचा वास देते. आयर्लंडच्या दलदलीतील ओकच्या लाकडात तंतू व छिद्रे दिसतात आणि त्याला जेटची आरशासारखी झळाळी येत नाही. शंखाच्या कॅमिओत, म्हणजे भिन्न रंगांच्या थरांतून उठावदार कोरलेल्या चित्रात, पाठीमागचा अंतर्वक्र आकार, उजेडासमोर धरल्यावर दिसणारी पारभासकता आणि थरांतील बारीक ज्वालासदृश रेघा या तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. पोवळ्याच्या फांदीवर लांबीच्या दिशेने समांतर बारीक रेघा असतात, आणि रंगवलेल्या बांबू-पोवळ्यात त्या ठळक होऊन रंग खाचांत साचलेला दिसतो. कासवाच्या कवचाचे डाग भिंगाखाली असंख्य सूक्ष्म रंगकणांत विरघळतात, तर प्लास्टिकच्या नकलेत रंगाचे पट्टे अखंड राहतात.

अंबराविषयी मात्र अतिउत्साह टाळावा. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०५ ते १.१० असल्याने मिठाच्या संपृक्त पाण्यात ते तरंगते आणि बेकेलाइट, केसिन व सेल्युलॉइड बुडतात, हा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. परंतु कोपल ही अंबराहून पुष्कळ तरुण राळ आणि पॉलिस्टायरीन हे आधुनिक प्लास्टिक हीदेखील तरंगतात. बाल्टिक अंबराची निश्चिती अवरक्त वर्णपटाने होते. कर्ट बेक यांनी १९६० च्या दशकात त्या वर्णपटातील विशिष्ट सपाट खांदा दाखवून दिल्यावर पुरातत्त्वालाही एक विश्वासार्ह साधन मिळाले.

वस्तूला तापलेली सुई टोचून वास घेण्याची कसोटी अद्याप सर्वत्र सांगितली जाते आणि प्रस्तुत ग्रंथ तिला ठामपणे विरोध करतो. केराटिनयुक्त शिंग किंवा कवच जळाल्यास केसांसारखा आणि सेल्युलॉइड तापल्यास कापरासारखा वास येतो, हे खरे. पण सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोजचे असल्याने भडकून पेटू शकते, आणि पेटले नाही तरी दीडशे वर्षे जपलेल्या कोरीव गुलाबावर काळा डाग कायमचा राहतो. ज्या कुतूहलापोटी वस्तू नष्ट होते ते कुतूहल पारखीच्या कामाचे नाही. वास हवाच असेल तर वस्तू चोळून ऊबदार करावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर निर्णय भिंग, दिवा व प्रयोगशाळा यांच्यावर सोपवावा. जुने सेल्युलॉइड स्वतःही विघटित होत आम्ल वायू सोडते व शेजारच्या धातूला गंज चढवते. ते ओळखून वेगळे ठेवणे हे केवळ विक्रीमूल्याचे नव्हे, तर जतनाचे काम आहे.

ही पारख आज अधिक निकडीची झाली आहे ती कायद्यामुळे. धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. १९८९ च्या निर्णयाने आफ्रिकी हत्तीलाही त्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण मिळाले. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या १९८६ मधील दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ मधील दुरुस्तीने आयात आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. हॉक्सबिल कासव आणि वाघ हेही कठोर संरक्षणाखाली आहेत, तेव्हा वसाहतकाळात सोन्यात मढवलेली वाघनखे आज वारशाने आली तरी विकता येत नाहीत. उलट मॅमथ ही लुप्त प्रजाती असल्याने तिचा दंत साइट्सच्या यादीत नाही, आणि म्हणूनच नवा हत्तीदंत मॅमथच्या नावाखाली खपवण्याचा मोह निर्माण होतो; श्रेगर कोनांची मोजणी ही प्रयोगशाळेतील हौस न राहता न्यायालयातील पुरावा बनली ती यामुळे. गुजरात-राजस्थानातील लग्नाच्या हस्तिदंती चुड्यापासून परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरातील आजीच्या पेटीपर्यंत अनेक वस्तू आता सीमा ओलांडताना प्रश्नाखाली येतात, आणि हाडाची बांगडी हस्तिदंताची समजून जप्त होणे किंवा हस्तिदंताची बांगडी प्लास्टिक समजून निष्काळजीपणे पाठवली जाणे या दोन्ही गोष्टी सारख्याच टाळण्याजोग्या आहेत. गेल्या काही वर्षांत संगणकीय बाजारपेठांतून केवळ छायाचित्रावर खरेदी होऊ लागल्याने ही अडचण वाढली आहे, कारण छायाचित्रात रंग दिसतो, आडवा छेद सहसा दिसत नाही.

मराठीत सराफी व्यवसायाचे ज्ञान भरपूर असले तरी ते तोंडी आणि धातू-रत्नकेंद्री राहिले. सेंद्रिय कोरीव द्रव्यांविषयी शिस्तबद्ध मराठी लेखन अत्यल्प आहे. प्रस्तुत ग्रंथ ही पोकळी भरण्याचा प्रयत्न करताना वर उल्लेखिलेल्या चारही पद्धतींना एकाच क्रमात बसवतो : आधी वस्तू नुसत्या डोळ्यांनी सर्व बाजूंनी पाहावी, मग हातात तोलावी, मग दहापट भिंगाखाली तिचे छेद शोधावेत, मग अतिनील दिवा वापरावा, आणि वस्तूला इजा न करणारी विशिष्ट गुरुत्वाची मोजणी केवळ सुट्या, न मढवलेल्या तुकड्यांपुरती करावी. कला-इतिहासाचे पुरावे यांच्यानंतर तपासावेत, कारण फासणी बदललेली असू शकते आणि जुन्या चौकटीत नवा कॅमिओ बसवलेला असू शकतो. किमतींची कोष्टके येथे जाणूनबुजून दिलेली नाहीत; ती लवकर जुनी होतात आणि संरक्षित प्रजातींच्या बाबतीत मूल्य छापणे हे व्यापाराला आमंत्रण ठरू शकते. संरक्षित प्राण्यांच्या द्रव्यांचे नमुने संग्रहालये व शैक्षणिक संस्था यांच्या ताब्यातील वस्तूंवर आधारले असून, वाचकाने तुलनेसाठी असे नमुने स्वतः जमवू नयेत, असे या ग्रंथाचे स्पष्ट सांगणे आहे. हाड, शिंपला, टॅग्वा, जेट आणि जुनी प्लास्टिके यांचा अभ्यास-संच मात्र कोणालाही थोड्या खर्चात उभा करता येईल.

निष्कर्षाच्या भाषेविषयीही या ग्रंथाची भूमिका ठरलेली आहे. श्रेगर जाळी बाह्य कडेसह मोजता आली आणि तिचे कोन हत्तीच्या टप्प्यात भरले तरच ‘हत्तीचा दंत’ असे लिहावे. जाळी दिसते पण स्थान कळत नाही तेथे ‘हत्ती अथवा मॅमथ’ असे लिहावे. जाळीही नाही, हाडाच्या नळ्याही नाहीत आणि पेशींच्या रेघाही नाहीत, पण प्रस्फुरण नैसर्गिक आहे, अशा अतिलहान मण्यापुढे ‘दंतवर्गीय, प्रजाती अनिश्चित’ असे लिहून नोंद तेथेच थांबवावी.